तुम्ही विचारलंत म्हणून: खुंटी सैल करून भागत नाही का?

"बेस गिटारचा सूर खाली उतरवायचा तर खुंटी सैल केली की झालं, जाड तारा कशाला?" इतक्या जणांनी विचारलंय की एकदा लिहूनच टाकतो.

भागतं. सर्वांत जाड तार ई या सुरावरून खालच्या डी वर आणायची असेल तर भागतं. ताण पाचव्या हिश्शाने उतरतो, तार जरा लुळी पडते, बोटं जमवून घेतात. मीही तसंच वाजवायचो आणि जाड तारावाल्यांना हसायचो. त्याहून खालच्या सी चं गणित वेगळं. ४१.२ हर्ट्‌झवरून ३२.७ वर आलात की ३७ टक्के ताण गेला. तो परत हवा तर १०५ च्या जागी १३० ची तार लागते (हे आकडे तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागांत).

हे गणित मला आधी माहीत होतं. तरी एका कार्यक्रमात १०५ चीच तार सी ला लावून उभा राहिलो. सूर तपासणाऱ्या ट्यूनरचा दिवा हिरवा, म्हणजे सूर बरोबर. पहिल्याच गाण्यात गिटारवाला वळून वळून बघतोय. पुन्हा ट्यूनर पाहिला, हिरवाच. रेकॉर्डिंग ऐकल्यावर कळलं: सैल तार जोरात छेडली की सूर आधी वर उडतो आणि मग जागेवर येतो. ट्यूनरसमोर मी हलक्या हाताने छेडत होतो, गाण्यात बडवत होतो.

त्या रागात १३० ची आणली. ती नटच्या, म्हणजे खुंट्यांजवळच्या हाडाच्या पट्टीच्या, खाचेत उतरेना, वरच बसून राहिली. पॉलिश पेपरची घडी करून घासायला घेतलं. दोन हात मारावेत, तार बसवून बघावी, एवढा धीर कुठला! हाडाची पांढरी भुकटी बोटांना लागत होती आणि मला वाटत होतं, काम मस्त चाललंय. तार चढवली तर मोकळी छेडली की पहिल्या फ्रेटवर, म्हणजे दांड्यावरच्या पहिल्या धातूच्या पट्टीवर, खर्रर्र. मग तीच भुकटी गोळा करून खाचेत भरली, वर सुपरग्लूचा थेंब टाकला, आणि परत घासलं. तो पिवळट डाग अजून आहे.

"मग चूक तारेची नाही, तुझ्या हाताची," असं तुम्ही म्हणाल. जुना मीही हेच म्हणतो: हलकं वाजव, सैल तारही सुरात राहते. खोडता येत नाही. पण हलकं वाजवलं की मला माझाच बेस ऐकल्यासारखा वाटत नाही, त्याला काय करू?

पायाखालच्या इलेक्ट्रॉनिक पेडलने सूर उतरवा, हेही सांगून झालंय. घरी हळू आवाजात वाजवताना तारेचा खरा सूरही कानावर येतो, दोन्ही भांडतात. खुंटीवरचा, तार झटक्यात सैल करणारा लिव्हर डी साठी झकास, पण एका तारेचा ताण गेला की नेक (दांडा) किंचित सरळ होते आणि बाकीच्या तीन तारा हलकेच चढतात.

तर सध्या १३० आहे. परवा ई मधली गाणी आली. ती तार ई पर्यंत ओढायची हिंमत झाली नाही, म्हणून जुनी १०५ चढवली. रुंद झालेल्या खाचेत ती आडवी हलते.