दोन्ही दिवे एकदम विझले

काकू आल्या त्या आवाजाची तक्रार घेऊन. "गरम झाली की वरून टकटक येते हो. उद्या पहाटे वाईला जायचंय, बहिणीकडे कार्य आहे. तेवढी टॅपेट सेट करून द्या." गाडी जुनी मारुती ८००, आठ महिन्यांपूर्वी सेकंडहँड घेतलेली. माझं गॅरेज धनकवडीत, सातारा रस्त्यापासून थोडं आत. घाट चढायच्या आदल्या दिवशी गाडी दाखवायला येणारी गिऱ्हाइकं मला नेहमीचीच.

टॅपेट म्हणजे इंजिनच्या वरच्या व्हॉल्व्हची फट, ती सेट करायचं काम तासाभराचं. पण बॉनेट उघडायच्या आधी मी स्वतः सीटवर बसून चावी फिरवतो. नाना पेठेत ज्या उस्तादांच्या हाताखाली शिकलो, त्यांनी लावलेली ही सवय. चावी ऑन केली, बॅटरीचा दिवा लागला आणि त्याच्या शेजारी तेलाच्या झारीचं चित्र असलेला, तेलाच्या दाबाचा. स्टार्टर मारला आणि दोन्ही विझले. बघणाऱ्याला वाटेल, सगळं ठीक आहे. मला मात्र काहीतरी खटकलं. बंद करून पुन्हा मारला, मग तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी दोन्ही दिवे एकाच क्षणी जात होते, जणू एकाच बटणावर.

या दोन दिव्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. अल्टरनेटर बॅटरी चार्ज करायला लागला की बॅटरीचा दिवा जातो. झारीचा दिवा थांबतो तेलासाठी. पंपाने खालून तेल ओढायचं, फिल्टर भरायचा, ब्लॉकमधल्या वाटा भरायच्या, तिथे दाब तयार झाला की मग तो विझतो. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत हा क्षणाचा उशीर डोळ्यांना दिसतो. काकूंची गाडी सकाळपासून माझ्या दारात उभी होती, इंजिन थंडच होतं. एकदा दोन्ही बरोबर गेले असते तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं.

ब्लॉकवर तेलाच्या दाबाचा स्विच असतो, त्याला एकच वायर. दाब नसताना हा स्विच वायरला अर्थ देतो, म्हणजे ती बॉडीला जोडतो, आणि दिवा लागतो. दाब आला की अर्थ तुटतो, दिवा जातो. म्हणजे तपासणीही सोपी. चावी ऑन ठेवून वायर उपटली की दिवा विझलाच पाहिजे. मी पोऱ्याला मीटरसमोर बसवलं आणि वायर काढली.

"दादा, चालूच आहे."

इंजिन चालू करून तीच वायर बॉडीला टेकवली. आता दिवा लागायला हवा होता. लागला नाही. म्हणजे स्विचकडे आलेल्या वायरचा आणि मीटरमधल्या दिव्याचा संबंधच नव्हता. मीटर खोललं. मागे काळ्या टेपची एक गाठ होती, तिच्यावर धूळही नीट बसलेली नव्हती. टेप सोडवली. झारीच्या दिव्याची वायर कापून बॅटरीच्या दिव्याच्या वायरला पिळ घालून जोडलेली होती. चावी फिरवली की दोन्ही लागणार, अल्टरनेटर चालू झाला की दोन्ही विझणार. इंजिनमध्ये तेलाचा थेंब नसला तरी हा दिवा विझणारच.

दिवा जळून गेलेला असतो, वायर उंदराने कुरतडलेली असते, हे आम्ही रोज बघतो. पण हे कुणीतरी विचार करून, नीट बसून केलेलं काम होतं. मला इतका राग आला की हातातला पाना खाली ठेवला.

स्विच काढून त्याच्या जागी मेकॅनिकल गेज लावलं. अशा वेळी निकाल गेजचाच, अंदाजाचा नाही. थंड इंजिनला दाबाचा काटा ४० पीएसआयवर गेला, म्हणजे चांगलाच. बरेच जण इथेच थांबतात आणि चुकतात. थंड तेल घट्ट असतं, दाब सहज बनतो. मी गाडी चालू ठेवली. रेडिएटरचा पंखा दोनदा लागून गेला तेव्हा आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, काटा ४ वर टेकला होता. ३००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांना, १४. आमच्याकडे ठोकताळा असा, की दर १००० आरपीएममागे साधारण १० पीएसआय हवेत. त्या हिशोबाने निम्मेसुद्धा नव्हते. वरची टकटकही आता स्पष्ट ऐकू येत होती. तेल हेडपर्यंत सगळ्यात शेवटी पोचतं, म्हणून व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर आधी ओरडतात. टॅपेट सेट करून मी आवाज कमी केलाही असता, आणि काकू खंबाटकीच्या चढाला लागल्या असत्या.

त्यांना मीटर उघडं असतानाच बोलावलं. त्या डिपस्टिककडे बघून म्हणाल्या, "तेल तर भरलेलं आहे की." हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. मी म्हटलं, काकू, खालची टाकी काठोकाठ भरलेली असली तरी मोटर दमलेली असेल तर चौथ्या मजल्यावरच्या नळाला बारीकच धार येते ना? त्यांना लगेच पटलं. मग त्या जे बोलल्या ते माझ्या मनातून गेलेलं नाही. "अहो, पण मी रोज बघायचे. चावी लावली की तो दिवा गेलाय ना बघूनच गाडी हलवायचे. ह्यांनी शिकवलं होतं तसं."

ज्या बाईने नियम पाळला, तिलाच त्या नियमाने फसवायची सोय कुणीतरी करून ठेवली होती.

"उद्या ही गाडी जाणार नाही," मी सांगितलं. स्वारगेटहून वाईची एसटी मिळते. त्या काही वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "उघडा."

दुपारी चेंबर, म्हणजे इंजिनखालची तेलाची टाकी, उतरवलं. तळाला काळा गाळ साचलेला, पण खरा अपराधी जाळीत होता. पंप जिथून तेल ओढतो त्या स्ट्रेनरची जाळी दोन तृतीयांश बंद झाली होती. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने ओढलं तर शेवयांसारखे राखाडी धागे निघाले, रबरासारखे ताणले जाणारे. सिलिकॉन. पूर्वी कुणीतरी पॅकिंग लावताना हात सैल सोडून सिलिकॉन फासलं होतं. बाहेर आलेलं कडेला दिसतं, पुसता येतं; आत दाबलं गेलेलं तुटून तेलात पडतं आणि जाळीवर जाऊन बसतं. पॅकिंगला सिलिकॉनची मण्याएवढी जाड रेघ पुरते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी हे आधी सांगतो, आणि ते धागे आता एका बाटलीत ठेवले आहेत, दाखवायला.

जाळी साफ करून बंद करता आलं असतं. पण इतके दिवस कमी दाबावर चाललेलं इंजिन, म्हणून कनेक्टिंग रॉडच्या कॅप उघडल्या. मधल्या सिलिंडरच्या बेरिंगवरचा राखाडी थर जाऊन तांबं दिसायला लागलं होतं. त्या बेरिंगमध्ये फिरणारा क्रँक मायक्रोमीटरने मोजला, तो सुदैवाने मापात होता. आणखी काही दिवस गेले असते तर ग्राइंडिंगला द्यावा लागला असता. जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह अडकलेला नव्हता, पंपातलं अंतरही हद्दीत. नाना पेठेतून बेरिंगचा सेट, चेंबरचं पॅकिंग, फिल्टर आणि नवा स्विच आणला. तेल कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं. घट्ट तेल घालून काटा वर चढवायचा सल्ला शेजारच्या एकाने दिला होता. तो मी कधीच ऐकत नाही, कारण त्याने दुखणं झाकलं जातं.

तिसऱ्या दिवशी गेज पुन्हा लावलं. पंखा दोनदा लागू दिला. आयडलला १६, ३००० ला ४२. टकटक नाही.

मीटरमागची पिळाची गाठ कापली, झारीची वायर मूळ जागी जोडून सोल्डर केली. काकू वाईहून परतल्यावर गाडी न्यायला आल्या, तेव्हा त्यांनाच सीटवर बसवलं. चावी ऑन, दोन्ही दिवे लागले. मी स्विचची वायर उपटली. झारी विझली, बॅटरी तशीच. वायर लावली, झारी परत लागली. "आता स्टार्ट करा."

त्यांनी स्टार्टर मारला. आधी बॅटरीचा दिवा गेला. झारी क्षणभर तशीच तांबडी राहिली, आणि मग गेली.

"वेगवेगळे गेले," काकू म्हणाल्या, आणि इंजिन बंद करून त्यांनी तेच पुन्हा एकदा करून बघितलं.