दुसऱ्यांदा फेसलिफ्ट करू की नको : माझा अनुभव

आपल्याकडे केस काळे केलेले चालतात, दात बसवलेले चालतात, गुडघे बदलले तर लोक कौतुकाने चार जणांना सांगतात, पण फेसलिफ्ट (चेहऱ्याची उतरलेली कातडी उचलून बसवायचं ऑपरेशन) केलंय म्हणलं की समोरची बाई आधी टाक्यांची खूण शोधत आपल्या कानामागे बघते. त्यामुळे कुणी बोलत नाही आणि दुसऱ्यांदा करायचं का याबद्दल तर मराठीत मला काहीच वाचायला मिळालं नाही, म्हणून हे लिहितेय.

माझं पहिलं २०१३ मधे झालं, तेव्हा मी ५१ वर्षांची होते. माहेरी आमच्या सगळ्यांच्याच हनुवटीखाली लोंबतं, आत्याचं होतं, बाबांचं होतं, आणि माझं तर पन्नाशीच्या आधीच सुरू झालेलं. सोसायटीत अक्कलदाढेचं ऑपरेशन सांगितलं, सुजलेलं तोंड बघून सगळ्यांना पटलं पण! रिझल्ट छान होता, सात-आठ वर्षं मस्त गेली. लॉकडाऊन संपून मास्क उतरला तेव्हा लक्षात आलं की जबड्याची रेष परत गेली. यात फसवणूक काही नाही, साधारण सात ते दहा वर्षं टिकतं हे तेव्हाच सांगितलेलं, चेहरा आपला वयाप्रमाणे पुढे उतरतच राहतो.

पण पहिल्या ऑपरेशनच्या दोन गोष्टी मागे राहिल्या होत्या. एक म्हणजे उजव्या कानाच्या पाळीला अजूनही नीट स्पर्श कळत नाही (फेसलिफ्टमधे सगळ्यात जास्त वेळा दुखावली जाणारी नस तीच, कानाकडे जाणारी). आणि दुसरी म्हणजे दोन्ही पाळ्या खाली ओढल्या गेल्या, म्हणजे पाळीची ती गोल लोंबती कड राहिलीच नाही, पाळी सरळ गालाला चिकटल्यासारखी दिसते. मोत्याची कुडी घातली की ती समोर बघायच्या ऐवजी खाली जबड्याकडे बघते. केस मोकळे ठेवून मी ते इतकी वर्षं झाकत आले.

२०२५ मधे त्या अमेरिकन टीव्हीवरच्या क्रिस जेनरने पंधराएक वर्षांनी दुसऱ्यांदा फेसलिफ्ट केल्याचं उघड सांगितलं आणि तिचे फोटो सगळीकडे फिरले. लेकीने अमेरिकेतून मला पाठवले, आई तू पण कर, तुझं तर एक झालंच आहे. माझी ताई म्हणाली साठी उलटली आता कुणाला दाखवायचंय. हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं, मला आरशात दाखवायचंय ना! आमचे हे म्हणाले तुला वाटतं ते कर, फक्त कशी दिसतेस ते मला विचारू नकोस.

पहिले गेले ते एका चकचकीत क्लिनिकमधे. तिथे डॉक्टर भेटायच्या आधी ब्लेझरवाली काउन्सेलर भेटली आणि चहा संपायच्या आत कोटेशन हातात, डीप प्लेन (फेसलिफ्टची एक पद्धत), साडेचार लाख, वर १८ टक्के जीएसटी, महिनाअखेरीपर्यंत बुक केलंत तर थोडं कमी करू मॅडम. मेडिक्लेममधे हे बसत नाही, म्हणजे सगळे पैसे आपलेच. ऑपरेशन कोण करणार, त्यांच्याकडे प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच ही खास पदवी आहे का विचारलं तर उत्तर गोलगोल. आणि माझं आधी एकदा झालंय हे ऐकूनही तिने एक प्रश्न विचारला नाही. उठलेच मी.

नंतर पुण्यातले एक सर्जन, ते आमच्या ओळखीतल्या बाईंनी सुचवलेले. त्यांनी आधी तीन गोष्टी मागितल्या, चाळिशीतले फोटो, बीपीची फाइल आणि पहिल्या ऑपरेशनच्या नोट्स. नोट्स कशाला तर त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. कातडीच्या आणि चरबीच्या खाली एक पातळ चिवट थर असतो, त्याला स्मास म्हणतात, १९७६ मधे दोन फ्रेंच डॉक्टरांनी त्याचं नीट वर्णन केलं आणि तेव्हापासून नुसती कातडी ओढण्याऐवजी तो थर उचलायला लागले. डीप प्लेन म्हणजे त्या थराच्या खालून सोडवत जायचं, ते १९९० च्या सुमाराचं. आता माझ्या पहिल्या वेळी तो थर नुसता टाके घालून दुमडला होता, का त्याची पट्टी कापून काढली होती, का खालून सोडवला होता, यावर दुसऱ्या वेळी आत काय सापडेल ते ठरतं. जुने व्रण असतात, थर कुठे पातळ झालेला असतो, कुठे चिकटलेला असतो, आणि चेहरा हलवणाऱ्या नसा त्याच्याच खालून जातात.

झालं, जुन्या हॉस्पिटलला फोन केला. ते म्हणाले रेकॉर्ड ठेवत नाही इतकं जुनं. नियमाने पेशंटचं रेकॉर्ड तीनच वर्षं ठेवायचं बंधन आहे म्हणे, माझी तर बारा होऊन गेलेली. माझ्याकडे होतं ते डिस्चार्ज कार्ड, त्यावर एका ओळीत फेसलिफ्ट डन अंडर जीए (म्हणजे पूर्ण भूल देऊन), बस्स. कुणी पहिलं करत असाल तर टाके काढायला जाल तेव्हाच ऑपरेशन नोट्सची झेरॉक्स मागा, तेव्हा ७२ तासांत द्यावी लागते.

मग डॉक्टरांनी मला टेबलावर उताणं झोपवलं आणि हातात आरसा दिला. झोपल्यावर सगळं मागे जातं ना, साधारण लिफ्टनंतर तसंच दिसतं म्हणाले. बघितलं तर जबडा छान, पण मी मात्र तरुण काही दिसत नव्हते, वाळलेली दिसत होते. त्यांनी चाळिशीतला फोटो शेजारी धरला. गाल! माझे गाल केवढे भरलेले होते. काकू, तुमचं उतरलंय त्यापेक्षा आटलंय जास्त, असं म्हणाले. ओढून गाल भरत नाहीत, त्याला पोटाची चरबी काढून तिथे भरावी लागते आणि त्यातली काही जिरून जाते, किती ते आधी सांगता येत नाही. कानापुढची कातडी चिमटीत धरून दाखवली, काढण्यासारखी फार उरलेलीच नाही, जास्त ताणली तर तोंड रुंद होतं आणि वाऱ्यात उभं राहिल्यासारखं दिसतं. कानापुढचे कल्ले माझे आधीच वर सरकलेत, अजून सरकले असते.

बीपीचं वेगळंच. फेसलिफ्टमधे सगळ्यात जास्त होणारा त्रास म्हणजे आत रक्त साठणं, बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांतच, आणि बीपी चढलं की तो धोका वाढतो. माझं तर हॉस्पिटलचा वास आला तरी चढतं, त्यांच्या केबिनमधे १६० च्या वर गेलं.

दुसरं फेसलिफ्ट वाईटच असं मात्र ते म्हणाले नाहीत, मी पण म्हणत नाही. पहिल्या वेळी कातडी निघालेली असल्याने पुष्कळांचं दुसरं काम लहान असतं, बरेच जण समाधानी असतात. डॉक्टरांनी हो पण म्हणलं नाही आणि नाही पण. घरी जाऊन खरं काय खुपतं ते क्रमाने लिहून आणा म्हणाले. हे ऐकायला शाळेतल्यासारखं वाटलं पण बसले बाई लिहायला. पहिल्या नंबरला काय आलं तर कानाच्या पाळ्या! दुसरं मानेच्या उभ्या दोऱ्या, तिसरं गाल आणि जबडा चौथा. म्हणजे साडेचार लाखाचं ऑपरेशन जे सगळ्यात नीट करणार ते माझ्या यादीत चौथं होतं.

तर पूर्ण फेसलिफ्ट नाही असं ठरवलं. पाळ्या दुरुस्त करून घेतल्या, नुसती जागा बधिर करून, त्याच दिवशी रिक्षाने घरी. टाक्यांनंतर पाळी सुटी झाली, खालून बोट जातं आता. उजवी बधिरच आहे, ती तशीच राहणार. मानेच्या दोऱ्यांना बोटॉक्स (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) घेतलं, ते तीन-चार महिने टिकतं, परत घ्यायचं का बघेन, मला फार काही फरक वाटला नाही खरं सांगायचं तर. गालांना हात लावलेला नाही. जबडा आहे तिथेच आहे. बीपी वर्षभर ताब्यात राहिलं तर नुसत्या मानेचं बघता येईल म्हणालेत डॉक्टर, लेकीला तेवढंच ऐकू आलंय आणि ती आत्तापासूनच सुट्टी कधी टाकू विचारतेय.