भर मे महिन्यात गोठे पाहायला: आर्वी, कारंजा (घाडगे) ते परतवाडा

ऑगस्टमध्ये कोणाचाही गोठा पाहा, छानच दिसतो. हिरवं जिकडेतिकडे, जनावरं टुमटुमीत, मालक खुशीत. म्हणून आम्ही मुद्दाम मे मध्ये निघालो, होळी ते मृग या काळात ज्याच्याकडे चारा टिकतो त्याचंच काहीतरी शिकण्यासारखं असतं असं माझं साधं गणित आहे. यवतमाळहून देवळी, पुलगाव करत आर्वी, तिथून तळेगावला नागपूर-अमरावती हायवेला लागून कारंजा (घाडगे), आणि परत येताना अमरावतीवरून परतवाडा. मोटरसायकलनं. एसटीनं कारंज्यापर्यंत आरामात जाता येतं पण आतल्या गावांना दिवसातून एखादी गाडी, ती चुकली की बसा पारावर.

वर्धा जिल्ह्यातला हा सगळा आर्वी-कारंजा-आष्टीचा पट्टा म्हणजे गवळाऊ गाईचा मुलूख. पांढरी, सडपातळ, बदामी डोळ्यांची. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला सरकारी पैदास केंद्रही आहे, पण आत फिरायचं असेल तर आधी विचारून जा, असंच गेटवर जाऊन उभं राहू नका. गवळाऊचं दूध कमी, हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यापायी कित्येकांनी जर्सी संकर आणले. दुपारी दोनला एका गोठ्यात दोन्ही शेजारी बांधलेल्या दिसल्या. टिनाखाली संकरित गाय जीभ बाहेर काढून धापा टाकत होती, तोंडातून लाळेची तार लोंबत होती, टिनावर पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) टाकून वरून पाणी मारणं चालू होतं तरी तिला चैन नव्हतं. गवळाऊ निंबाखाली निवांत रवंथ करत बसलेली. मालक काका म्हणाले, "भाऊ, माही गवळाऊ दोनच लिटर देते, पण मे मध्ये बी देते. ते जर्सी उन्हाळ्यात अर्ध्यावर येते न् ढेप (पेंड) तेवढीच खाते." आता यावरून संकरित वाईटच असं मी म्हणणार नाही, ज्याच्याकडे पाणी, सावली आणि बारमाही हिरवा चारा आहे त्यानं खुशाल ठेवावी. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही तोच कर्ज काढून आधी गाय आणतो, हे मात्र गावोगाव दिसलं.

काकांचा खरा खजिना गोठ्यात नव्हता, धुऱ्यावर (बांधावर) होता. वावराच्या दोन धुऱ्यांवर सुबाभूळ, शेवरी, शेवगा, मधेमधे गिरिपुष्प. सुबाभूळ कमरेएवढी ठेवून दीड-दोन महिन्यांनी छाटायची. शेंगा धरू द्यायच्या नाहीत, नाहीतर बी पडून सगळ्या वावरात रोपंच रोपं होतात आणि मग निंदणाचा खर्च अंगावर येतो. सुबाभळीत मायमोसिन नावाचं द्रव्य असतं, त्यामुळे एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त द्यायची नाही, बाकी कुटार (मळणीतला भुसा), कडबा मिसळायचा. घोड्याला तर ती देऊच नका, आयाळ-शेपटीचे केस झडतात. गिरिपुष्पाच्या वासामुळे जनावर आधी तोंड लावत नाही, थोडा सुकवून दिला की काही दिवसांत सवय होते.

मी विचारलं, शेजारी भांडत नाही का सावलीवरून? हसले. भांडतो म्हणे. कपाशीच्या धुऱ्यालगतच्या दोन-तीन तासांवर (ओळींवर) परिणाम होतोच, तो नाही असं सांगणारा माणूस खोटं बोलतो. यांनी तोडगा असा काढला की पेरणीच्या तोंडावर सगळी झाडं जोरात छाटायची, तो पाला जनावरांना, आणि धुऱ्याच्या आतल्या बाजूनं नांगराचं एक खोल तास मारायचं म्हणजे मुळं वावरात कमी येतात.

पण झाडं मारतं कोण तर ना सावली ना पाणी, आग. आपल्याकडे उन्हाळ्यात धुरे पेटवायची जी सवय आहे ना, तिनं जेवढी रोपं मेली असतील तेवढी दुष्काळानं नसतील मेली. शेजारच्यानं काडी लावली आणि वारा सुटला की तीन वर्षांची मेहनत दहा मिनिटांत खलास. होळीच्या आत धुऱ्याच्या दोन्ही बाजूंनी चार-पाच फुटांचा पट्टा साफ करून घ्या, आणि शेजाऱ्याला आधीच चहा पाजून सांगून ठेवा. हे कोणत्याच योजनेच्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

आता थोडं मिथेनचं, म्हणजे जनावराच्या पोटातून निघणाऱ्या हरितगृह वायूचं. क्लायमेट-स्मार्ट (हवामानाला धरून केलेली) शेती हा शब्द एफएओनं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनं, 2010 च्या सुमारास चालवला आणि त्यांच्याच 2013 च्या अहवालात माणसामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंपैकी 14.5 टक्के पशुपालनातून येतात असं होतं, पुढे 2023 मध्ये तो आकडा 12 टक्क्यांच्या आसपास आला. गाईचा मिथेन बहुतेक ढेकरेतून निघतो. नुसतं वाळलं कुटार खाणारं जनावर दूध कमी देतं, म्हणजे लिटरमागे मिथेन जास्त पडतो. पाला, कुटार, थोडी ढेप असं नीट मिळालं की दूध वाढतं आणि लिटरमागचा मिथेन उतरतो. म्हणजे शेतकऱ्याला मे मध्ये जे हवंय तेच हवामानवाल्यांना हवंय, फक्त बोलायची भाषा वेगळी. काका म्हणाले, "ढेकर मोजाले कोणी येत नाही, दूध मोजाले डेअरीवाला रोज येते."

वाळल्या चाऱ्यावर एक गोष्ट जरूर पाहा: गव्हांड्यावर (गव्हाच्या भुशावर) युरिया प्रक्रिया. 100 किलो गव्हांडा, 4 किलो युरिया, 40-50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरानं शिंपडायचा, दाबून प्लास्टिकनं हवाबंद, 21 दिवस. काढल्यावर वास उडेपर्यंत पसरून ठेवायचा. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला द्यायचा नाही, आणि युरियाचं पाणी उघडं ठेवायचं नाही, जनावरानं तोंड घातलं तर जीव जातो. मुरघासाच्या (हिरवा मका कापून हवाबंद मुरवलेल्या चाऱ्याच्या) बॅगाही पाहिल्या, चांगल्या आहेत, पण मका रानडुकरं आणि बॅगा उंदीर, दोघांपासून वाचवा. बायोगॅस दिसले ते निम्मे बंद. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण 50 किलो शेण लागतं, दोन जनावरांवर ते चालणारच नाही, हे बसवून देणाऱ्यानं आधी सांगायला नको?

दुसऱ्या टप्प्यात परतवाड्याजवळचं पायविहीर. 2012 मध्ये या गावाला 192 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क (जंगल गावानं मिळून राखायचा-वापरायचा कायदेशीर हक्क) मिळाला, 2014 मध्ये यूएनडीपीचा (संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा) जैवविविधता पुरस्कारही. सीताफळांची विक्री ग्रामसभा करते. डोंगरावर उन्हात सीताफळाला नवी पालवी फुटलेली. गुरं-शेळ्या सीताफळाच्या पाल्याला तोंड लावत नाहीत, म्हणून जिथं चराई पूर्ण बंद करणं जमत नाही तिथं हे झाड टिकतं, हा मुद्दा आमच्या गावासाठी लिहून घेतला. या भागात बेरारी शेळी. शेळी मोकळी सोडली की रोपाचा शेंडा गेलाच समजा, त्यापेक्षा पाल्याची पेंढी तिच्या तोंडाच्या उंचीला टांगा. खाली पडलेला, तुडवलेला पाला शेळी खात नाही.

जाणाऱ्यांसाठी: सकाळी सहा ते दहा आणि पाचनंतरच फिरा, मधल्या वेळात पारा 44-45. दुपट्टा, पाणी, कांदा. कुसळी गवतात बूट-मोजे घालून शिरलात तर मोज्यातून कुसळं काढण्यात संध्याकाळ जाते, त्यापेक्षा चप्पल किंवा गमबूट. बोर व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांत पहाटे एकट्यानं रानात जायचं नाही, ढोरकी (गुराखी) सांगेल तेवढंच ऐका. 2022 च्या लम्पीनंतर (गुरांच्या त्वचारोगाच्या साथीनंतर) लोक अनोळखी माणसाला गोठ्यात लवकर घेत नाहीत, बरोबरच आहे त्यांचं, एका गोठ्यातून दुसऱ्यात जाताना पाय, चपला धुवा आणि जनावराला हात लावायच्या आधी विचारा. पायविहिरीला ग्रामसभेच्या लोकांना फोन करून जा, कामाच्या दिवसात तुम्हाला फिरवायला कोणी रिकामं बसलेलं नसतं, आणि जो माणूस दिवस मोडून फिरवेल त्याची मजुरी द्या. रोपांसाठी मृगाची वाट पाहू नका, एका रोपवाटिकेत आम्हाला जूनमध्ये या म्हणाले आणि शेजारच्या गावातले म्हणाले की जूनमध्ये तिथं फक्त पिशव्या उरतात. शेवरी-सुबाभळीचं बी तर शेतकऱ्याकडूनच मिळतं, सुबाभळीचं बी गरम पाण्यातून काढून रात्रभर गार पाण्यात भिजवायचं आणि मे मध्येच पिशव्या भरायच्या. परतवाड्याहून अमरावतीला एसटी भरपूर आहेत, तिथून पुढे यवतमाळची गाडी मात्र वेळ विचारूनच पकडा.