मुक्कामाची गाडी

२१ जुलै, अंधेरी

पावसामुळे बाहेरची चित्रीकरणे थंडावली आहेत, तेव्हा आजचा दिवस गाडीच्या वायरिंगला दिला. लॅमिंग्टन रोडवरून जाड तांब्याची वायर, फ्यूज आणि कनेक्टर आणले आणि मागच्या बाकाखाली १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी पक्की बसवून घेतली. १२.८ व्होल्टच्या हिशेबाने तिच्यात १,२८० वॉट-अवर वीज साठते. विमानाने जाताना कॅमेऱ्याची प्रत्येक बॅटरी १०० वॉट-अवरच्या आत आहे हे पटवून देण्याचा खटाटोप आता उरणार नाही. गाडी चालताना अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनाच्या जोरावर वीज तयार करणाऱ्या यंत्रावरून, ही बॅटरी भरेल आणि मुक्कामी तिच्यावर कॅमेरा, लॅपटॉप आणि छोटा पंखा निवांत चालेल.

गाडी घेऊन फिरते आणि माहितीपट करते, असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वळणदार रस्ते आणि ड्रोनची दृश्ये येतात. मला मात्र गाडीचा खरा उपयोग थांबण्यासाठी होतो. मुंबईतल्या आमच्या धंद्यात कॅमेरा, लेन्स, लाइट आणि माणसे हे सगळे दिवसाच्या किंवा शिफ्टच्या भाड्यावर असते; ढग आले, माणूस बोलायला तयार नसला किंवा नुसताच काही न घडणारा दिवस गेला, तरी मीटर चालू राहतो आणि संध्याकाळी निर्मात्याला ‘आज काय मिळाले’ याचा जबाब द्यावा लागतो. गाडीत अंथरूण, शेगडी आणि वीज असली की असा कोरा दिवस फक्त डाळ-तांदळाच्या खर्चात निघतो. कॅमेराही स्वतःचा हवा, हे ओघाने आलेच. म्हणून मी जुने पण स्वतःचे मॉडेल वापरते आणि त्याबद्दल मला कमीपणा वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात हे चांगले अनुभवले. दिवाळीनंतर देशावरचे धनगर घाट उतरून कोकणात येतात, भात कापलेल्या शेतांत मेंढरे बसवतात, त्या खताच्या बदल्यात शेतकऱ्याकडून धान्य किंवा पैसे घेतात आणि पावसाआधी पुन्हा वर जातात. अशा एका वाड्याबरोबर, म्हणजे मेंढरांसह एकत्र फिरणाऱ्या धनगर कुटुंबांच्या तांड्याबरोबर, मी राहिले होते. सुरुवातीला मी कॅमेरा काढला की सगळी मुले ओळीने समोर उभी राहत आणि बायका पदर सावरून बाजूला होत. मग हळूहळू माझी सवय झाली. एका पहाटे घोड्यावर बिऱ्हाड लादताना मला हवे होते ते दिसले: आधी गोधड्या, त्यावर भांड्यांचे गाठोडे, चालता न येणारी कोकरे एका बाजूच्या झोळीत, सर्वांत वर पाय बांधलेली कोंबडी, आणि हे सगळे करताना त्या बाईचे दोरीकडे लक्षही नव्हते, ती सुनेला कालच्या हिशेबावरून बोलत होती. ते बोलणे चित्रात आले, कारण मी तिथे आहे हे दोघी विसरल्या होत्या. भाड्याच्या शिफ्टमध्ये हे मिळाले नसते, असे माझे ठाम मत आहे.

गाडी अडचणही करतेच. वाडा बांधावरून आणि पाऊलवाटांनी जातो, तर गाडीला डांबरी रस्त्याने लांबचा वळसा घ्यावा लागतो. त्यामुळे चालतानाची दृश्ये पायीच घ्यावी लागली, आणि संध्याकाळी परत जाऊन गाडी पुढच्या मुक्कामी आणावी लागली. वाड्यातल्या एका आजोबांनी गाडीत डोकावून शेगडी आणि अंथरूण पाहिले आणि विचारले, “बाई, तुमचा वाडा पुढं कुठं?” एरवी एकटीने रात्री थांबायचे तर मी आधी गावच्या पोलीस पाटलांना भेटते आणि मगच देवळाचे आवार किंवा पेट्रोल पंप निवडते.

पैशाचा प्रश्न जुनाच आहे. १९५५ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे सहा तरुण दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून सिंगापूरला निघाले, तेव्हा बीबीसीतले तरुण निर्माते डेव्हिड ॲटनबरो यांनी त्यांना चित्रीकरणासाठी फिल्म दिली होती. त्याआधी, १९३१-३२ मध्ये, सित्रोएन या मोटार कंपनीने बैरुतहून पेकिंगपर्यंत (आताचे बीजिंग) मोहीम काढली आणि आंद्रे सोव्हाज या दिग्दर्शकाला सोबत नेले; पण त्याने केलेले संकलन मालकाला रुचले नाही, काम दुसऱ्या दिग्दर्शकाकडे गेले, आणि सोव्हाजने चित्रपट सोडून शेती धरली. परवा एका कंपनीकडून गाडीचे सामान देण्याबद्दल विचारणा आली, तेव्हा मला हाच सोव्हाज आठवला. त्यांची अट एवढीच होती की ठरावीक दृश्यांत सामान दिसावे. मेंढरांच्या चित्रपटात छतावरचा तंबू कशासाठी दाखवायचा, हे मला समजेना. जाहिरातींची कामे मी मुंबईत आनंदाने करते, त्यांवरच घराचा हप्ता जातो. पण ते खाते वेगळे आणि हे वेगळे. नकार कळवला.

नेपाळचा विचारही तूर्त बाजूला ठेवला. तिथे भारतीय गाडीला सीमेवर भन्सार, म्हणजे सीमाशुल्क, भरून प्रवेश मिळतो, म्हणजे अडचण कागदपत्रांची नाही. पण त्याच वाड्याचा वर देशावर जाण्याचा अर्धा प्रवास अजून चित्रित व्हायचा आहे आणि नवीन देशाच्या मोहाने तो अर्धवट सोडणे मला पटत नाही. सेकंदाला १०० मेगाबिटच्या चित्रीकरणाला तासाला ४५ जीबी जागा लागते, तेव्हा दोन हार्ड डिस्क आणखी घ्यायच्या आहेत. एक प्रत गाडीत, एक अंगावरच्या पिशवीत आणि एक अधूनमधून मुंबईला. छताच्या तंबूसाठी ठेवलेले पैसे ध्वनिमुद्रकाच्या मानधनाकडे वळवले आहेत, कारण वाऱ्यात आणि मेंढरांच्या गलक्यात माणसांचे बोलणे मी एकटीने नीट टिपू शकत नाही. त्याला उद्या फोन करून उन्हाळ्याच्या तारखा विचारायच्या आहेत.