पालिकेचं गोल्फ

गोव्यात गोल्फ म्हटलं की आम्हाला आधी तेरेखोल आठवतं. तिथे होऊ घातलेला कोर्स, काजूची झाडं, कुळांचा विरोध आणि मग कोर्टकचेऱ्या. हा खेळ बड्यांचा आणि त्यापायी कुणाची तरी जमीन जाणार, ही माझी पक्की समजूत. म्हणून भाचा डेन्व्हरला जाऊन गोल्फ खेळायला लागला तेव्हा बहिणीला वाटलं, पोराला भलताच पगार दिसतो!

तसं काही नाही. तो खेळतो ते सिटी पार्क गोल्फ कोर्स तिथल्या महापालिकेचं, १९१३ पासूनचं. पैसे भरा, वेळ घ्या, खेळा. प्लंबरही येतो, निवृत्त मास्तरही. पश्चिमेला रॉकी पर्वताची रांग. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंच, म्हणजे गोव्यातलं सर्वांत उंच शिखर, आपला सत्तरीतला सोसोगड, त्यांच्या सपाट मैदानापेक्षा बुटका. हवा विरळ असल्याने चेंडूही लांब जातो. त्याचं श्रेय भाचा स्वतःच्या मनगटाला देतो.

एकदा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "मामा, हे बघ," आणि फोन गवतापाशी नेला. चेंडू उंचावरून पडल्याने हिरवळीला बोटभर खड्डा पडला होता. खिशातून दोन दातांचा छोटा काटा काढून त्याने कडेचं गवत आत ढकललं आणि बुटाने हलकेच दाबलं. मागून येणाऱ्याचा चेंडू अडू नये म्हणून. घरी स्वतःचं ताट न उचलणारा हा मुलगा! शेजारीच चेंडू ज्यात घालायचा ते भोक, जेमतेम १०८ मिलिमीटर रुंदीचं. अशा अठरा भोकांसाठी शंभरावर एकर जमीन.

पण ती जमीन नुसती पडून नसते, हे मला नंतर कळलं. आसपासच्या वस्तीत पावसाचं पाणी शिरू नये म्हणून तो कोर्स बंद ठेवून नव्याने घडवला आणि २०२० मध्ये पुन्हा उघडला. मोठा पाऊस झाला की पाणी तिथे साठतं, मग हळूहळू पुढे सरकतं. गोव्यातल्या साखळी गावच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. वाळवंटी नदी फुगली की बाजारपेठेचा जीव टांगणीला लागतो. काठची शेतं पाणी पोटात घेतील तेवढं आपलं नशीब. भात कापून झालं की त्याच मळ्यांत पोरं काठ्या रोवून फुटबॉल खेळतात आणि मागे केरीच्या बाजूला चोर्ल्याचे डोंगर लख्ख दिसतात. दिसतात, कारण मधे कुणी काही बांधलेलं नाही, एवढंच. हल्ली कुठे मातीचा भराव पडलेला दिसला की मी आधी डोंगराकडे बघतो, कुठवर झाकला जाईल याचा अंदाज घेत.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा जुना कोर्सही सार्वजनिक जमिनीवर. १७६४ मध्ये तिथे अठरा होल झाले. रविवारी सहसा खेळ बंद, गावातली माणसं कुत्री घेऊन फिरतात. हे ऐकून बहीण म्हणाली, "मग आमच्या म्हशी का नकोत?" भाच्याने गंभीरपणे नियम सांगितला. जनावराने थांबलेला चेंडू हलवला तर दंड नाही, चेंडू परत जागेवर ठेवायचा. त्याच्या अंगावर जाऊन अडकला तर तिथून मारायचा नाही, खालच्या जमिनीवर टाकून खेळायचं. म्हैस त्याच जागेवर बसली असेल तर ती उठेपर्यंत थांबायचं की तिला उठवायचं, यावर मायलेकांचं अजून एकमत झालेलं नाही.