काळ्या कपड्यांतली पंगत

आपल्याकडे काळं नेसायला संक्रांतीची सबब लागते. व्हिटबीत सबब लागत नाही. इंग्लंडात यॉर्कशरच्या किनाऱ्यावरचं हे मासेमारीचं गाव. १९९४ पासून इथे गॉथ मंडळींचा, म्हणजे काळ्या-भयाण गोष्टींच्या शौकिनांचा, मेळा भरतो. काळे झगे, काळे ओठ, वटवाघळांची कानातली आणि रडक्या सुरांची गाणी. लेखक ब्रॅम स्टोकर १८९० साली या गावात राहून गेला आणि त्याच्या कादंबरीतला रक्तपिपासू ड्रॅक्युला कुत्र्याच्या रूपात इंग्लंडात उतरला तो याच किनाऱ्यावर, म्हणून हे गाव. पडक्या मठाखाली सुळेवाले लोक आइस्क्रीम चाटत फिरतात आणि गावकरी त्यांना वाट पुसत नाहीत, दाखवतात.

आमची पंगत पॅनेट पार्कात, उतारावरच्या हिरवळीवर. काळी चादर, काळी द्राक्षं, कोळशाची बिस्किटं, ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या. मी चंद्रकळा नेसले होते आणि डब्यात कारळ्याच्या चटणीची सँडविचं नेली होती. लोणी लावलेल्या पांढऱ्या पावावर ती चटणी पसरली की थेट स्मशानातली माती वाटते. गॉथ लोकांकडून याहून मोठी दाद नाही. लसणीचा वास येताच एका सुळेवाल्याने छातीवर हात ठेवून मागे सरकण्याचं नाटक केलं आणि मग तीन तुकडे उचलले. बोलावल्याशिवाय आलेला पाहुणा एकच, तोही पांढऱ्या कपड्यांत: सीगल. त्याने एक बिस्किट पळवलं, चव पाहिली आणि टाकून दिलं. कोळशाच्या बिस्किटांबद्दल माझंही हेच मत आहे.

शेजारच्या मैत्रिणीच्या गळ्यात आजीची जेटची माळ होती. जेट इथल्या कड्यांत सापडतो. दिसायला काळा दगड, पण मुळात सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीचं लाकूड. हातात घेतलं की हलकं आणि कोमट लागतं. १८६१ साली व्हिक्टोरिया राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट गेला, तिने पुढे जन्मभर काळं सोडलं नाही आणि तिच्या सुतकावर व्हिटबीचे कारागीर गबर झाले. ज्यांना जेट परवडत नसे त्या बायका काळ्या काचेचे मणी घालत. त्यांना म्हणायचे फ्रेंच जेट.

तिने माझं मंगळसूत्र बोटावर घेऊन पाहिलं. "हे फ्रेंच जेट. कोण गेलं तुझं?"

"कुणी नाही. नवरा आहे म्हणून घालायचं. गेला की काढायचं."

ती क्षणभर माझ्याकडे बघतच राहिली. तीच काच, तेच काळे मणी. तिच्या पणजीने नवरा गेल्यावर घातले असते, माझ्या पणजीला नवरा गेल्यावर उतरवायला लावले. बाईच्या गळ्यावरून नवऱ्याची खबर लागावी, ही हौस मात्र दोन्हीकडे सारखी. आणि आमच्या चादरीवरची ही पोरंपोरी कुणीही गेलेलं नसताना, कुणालाही न विचारता, निव्वळ आवडतं म्हणून नखशिखान्त काळी. मला तो मोकळेपणा फार आवडला. आईला फोटो पाठवला तर तिचा निरोप आला, "एवढी सगळी काळी? कुणीतरी एक लाल टिकली तरी लावायची."

टिकल्यांचं पाकीट पर्समध्ये होतंच. पाच मिनिटांत सगळ्यांनी लावल्या, सुळेवाल्याने दोन. मैत्रीण साडीसाठी हटून बसली. म्हटलं, नेसवते, पण त्या मठाच्या १९९ पायऱ्या साडीत चढवणार नाहीत तुला. तिने झगा वर करून बुटांचे वीतभर जाड तळवे दाखवले. "यांत चढते मी. साडीचं काय घेऊन बसलीस?"