सर्व्हफेलचं भूत सापडलं, घड्याळात बसलं होतं

मागच्या नोंदीत छाती फुगवून लिहिलं होतं की घरातल्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर जाहिराती अडवणारं पाय-होल, मागं साइटच्या नावाचा आयपी पत्ता शोधणारं (म्हणजे डीएनएसचं) अनबाउंड, तिथून ८५३ या एन्क्रिप्टेड पोर्टवरून क्वाडनाइन ही बाहेरची डीएनएस सेवा, आता हात लावायचा नाही. घ्या! खानापुरात पावसात तीन दिवस करंट नव्हता. आला तेव्हा घरात काहीच उघडेना. "काय केलंयस रे त्या डबीला? आधी नीट कर की," आई. तिची मालिका अडलेली.

पहिला संशय फायबरवाल्यावर, त्याला उगाच दोन फोन झाले. मग क्वाडनाइनवर. त्याच्या जागी क्लाउडफ्लेअरचं १.१.१.१ लावून बघितलं, तेच. डिग (नावाचा पत्ता विचारायची कमांड) मारेल त्या नावाला सर्व्हफेल, म्हणजे 'उत्तर देता येत नाही'. रात्री साडेअकराला वैतागून डिगला प्लस-सीडी ('तपासणी नको') लावलं, तर आयपी टपकन हातात. म्हणजे वाट उघडी होती, नापास होत होती डीएनएसएसईसीची, म्हणजे उत्तरांवरच्या डिजिटल सह्यांची, तपासणी. पायवर डेट मारलं: मंगळवार. घरात शुक्रवार.

पाय ४ ला सेलवर चालणारं घड्याळ नाही. फेक-एचडब्ल्यूक्लॉक नावाचं सॉफ्टवेअर शेवटची जपलेली वेळ उचलतं, आणि मंगळवारी उभं राहून बघितलं की शुक्रवारच्या सह्या अजून लागू व्हायच्या असतात. वेळ लावायला एनटीपी (नेटवरून वेळ आणणारी सोय) हवं, एनटीपीचं नाव सोडवायला अनबाउंड हवं, अनबाउंडला वेळ हवी. तासभर करंट तर नेहमीच जातो, तेव्हा हे का दिसलं नाही? अनबाउंड सहीच्या मुदतीच्या दहा टक्के चूक पोटात घालतं, कमीत कमी एक तास, जास्तीत जास्त एक दिवस. हे मॅन्युअलात वाचून एकटाच हसलो.

टाइमसिंकडीत, म्हणजे पायची वेळ लावणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, नावाऐवजी क्लाउडफ्लेअरच्या टाइम सर्व्हरचा थेट पत्ता १६२.१५९.२००.१ लिहिला. मुद्दाम तारीख आठवडाभर मागं ढकलून रीबूट केलं, आणि डिगमध्ये एडी फ्लॅग (सह्या खऱ्या निघाल्याची खूण) झळकला! चहा टाकला, रात्री एकला.

तरी बेळगावच्या खडे बाजारातून डीएस३२३१ हे सेलवरच्या घड्याळाचं मॉड्यूल आणलंच. दुकानदारानं चार्जिंग सर्किटवाल्या मॉड्यूलमध्ये सीआर२०३२ सेल घालून दिला, जो चार्ज करायचाच नसतो. ३.३ व्होल्टवर चालून जातं, ५ वर जोडणार असाल तर आधी तो रेझिस्टर उपटा.

क्वाडनाइन काढून थेट रूटपासून (डीएनएसच्या मूळ सर्व्हरपासून) अनबाउंड चालवायचा बेत रद्द. त्यात सगळं पोर्ट ५३ वरून उघडं जातं, फायबरवाल्याला आयतं वाचायला.

आईच्या मोबाइलला प्रायव्हेट डीएनएसमध्ये सरळ क्वाडनाइनचं नाव टाकावं म्हणतो, पाय मेला तरी तिचं चालू राहील. थांबा, ते नाव सोडवायलाही आधी पायच लागणार. मग कपाटातला पाय झीरो दुसरा पाय-होल म्हणून लावतो. त्यालाही घड्याळ नाही. मॉड्यूल दोन आणायला हवी होती.